चार नंबरची तक्रार

माझे सासरे बोलायचे कमी आणि कुरकुरायचे जास्त, आणि त्या कुरकुरीतली निम्मी एकट्या चार नंबरच्या वाट्याला यायची.

"चार नंबरचा नळ परत गळतो म्हने." "चार नंबरची कडी बसत नाय." "या चार नंबरला दुसरा उद्योग नाय, ऊठसूट मालकाला बोलवायचं." लग्न होऊन मी आगाशीला आले तेव्हा मला वाटलं, आमच्या नालासोपाऱ्याच्या चाळीत चौथ्या खोलीत कुणीतरी महाबिलंदर भाडेकरू राहत असणार. एकदा भांडी लावता लावता मी नवऱ्याला म्हटलं, "एवढा त्रास देतात तर काढून का टाकत नाही त्यांना?" सुमेधने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चार नंबरमध्ये ताई राहते. माझी बहीण."

मी नाशिककडची. आमच्याकडे भांडण झालं की आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि संध्याकाळी तीच माणसं एका पंगतीला बसतात. इथे कुणी कुणावर ओरडत नव्हतं, आणि सख्खी नणंद दोन कोसांवर राहत असून मला तिचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. मला या घराचा राग यायला तिथूनच सुरुवात झाली.

सासऱ्यांचं नाव शंकर. घरी सगळे तात्या म्हणायचे. आगाशीला त्यांची केळीची वाडी. सासूबाईंच्या, म्हणजे मनोरमाबाईंच्या हट्टापायी वाडीचा एक तुकडा विकून त्यांनी नालासोपाऱ्याला सहा खोल्यांची चाळ बांधली. नुसत्या केळ्यांवर पोरांची शिक्षणं होणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. चाळीवर पत्रे चढले त्याच वर्षी त्या गेल्या. मागे सुरुचीताईंनी घर चालवलं. बापाचा डबा, भावाची शाळा, वाडीवर आलेल्या गड्यांचा चहा, सगळं. आणि त्र्याण्णव साली त्यांनी नंदाखाल गावच्या फर्डिनंडशी वसईला जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न केलं.

हार घालून दोघं पाया पडायला आली, तेव्हा तात्या फाटकात आडवे उभे राहिले. अख्खी भावकी जमली होती. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "हिच्या घरचं पानी मी पिनार नाय. मरंपर्यंत." तात्या शब्दाला पक्के म्हणून आगाशीच्या बाजारात प्रसिद्ध होते. एकदा रागाच्या भरात तंबाखू सोडली म्हणाले, तर पुन्हा चिमूटभरही तोंडात टाकली नव्हती. त्यामुळे हे वाक्य ऐकून फाटकातल्या कुणालाच ते मागे घेतील असं वाटलं नाही. त्यांना स्वतःलाही वाटलं नसावं.

तिकडे फर्डिनंडची आई इझाबेल म्हणाली, आधी चर्चमध्ये लग्न लावा, मग उंबरा ओलांडा. सुरुचीताईही बापाचीच मुलगी. त्या म्हणाल्या, मी आहे तशी आहे. मग दोघं खोली शोधत वणवण फिरली. कुणाला त्याचं नाव चालेना, कुणाला तिचं.

एका सकाळी फर्डिनंड आमच्या वाडीत येऊन उभा राहिला. सुमेध तेव्हा कॉलेजात होता, त्याने हे डोळ्यांनी पाहिलं. तात्या घड कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"खोली पाहिजे," फर्डिनंड म्हणाला.

"भाडं वेळेवर लागंल."

"देईन."

"मी सोता येनार न्यायला. मनीऑर्डर चालनार नाय. कुनाच्या हाती धाडलेलं चालनार नाय."

"बरं."

"चार नंबर रिकामी हाय."

एवढंच बोलणं झालं. मला हे सुमेधने सांगितलं तेव्हा मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिले. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "तात्या व्यवहाराला चोख आहेत," तो म्हणाला.

पुढचं मला सुरुचीताईंनीच नंतर सांगितलं. पहिल्या महिन्यात तात्या भाडं घ्यायला गेले, दाराबाहेरच्या ओट्यावर बसले. ताईंनी पाणी आणलं. त्यांनी पेल्याकडे बघितलं, आणि तसेच तहानलेले उठून बस पकडायला गेले. दुसऱ्या महिन्यात येताना पिशवीतून स्टीलचा पेला घेऊन आले. सासूबाईंच्या लग्नातल्या भांड्यांपैकी, काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी 'सौ. मनोरमा' कोरलेला. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "खोली कुनाची?"

"तुमची."

"टाकी, मोटर?"

"तुमची."

"ह्यो पेला माझा. मग यातलं पानी कुनाचं?"

"तुमचंच, मालक," ताई म्हणाल्या आणि नळावर पेला भरून आणला. तात्या एका घोटात प्यायले.

त्या दिवसापासून त्या त्यांना तात्या म्हणाल्या नाहीत, मालकच म्हणाल्या. पेला तिथेच खिडकीत राहिला. पुढे विनी झाली, बोलायला लागली, आणि ती नातही ओट्यावरून ओरडायची, "मम्मी, मालक आले!" कुणी तिची चूक सुधारली नाही.

मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तात्यांबरोबर जाऊ लागले. व्यवहार शिकायला, असं त्यांनी घरात सांगितलं. महिन्याचा पहिला रविवार ठरलेला. आदल्या दिवशी ते स्वतः केळी निवडायचे, आणि उन्हाळ्यात सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, मधासारखा रंग येईपर्यंत त्यांची राखण करायची, हे काम ते गड्यालाही करू देत नसत. सुरुचीताईंना लहानपणापासून सुकेळी आवडायची, हे मला शेजारणीकडून कळलं. पण एकाच खोलीत कशी द्यायची? म्हणून सहाही खोल्यांत सारखी पुडकी जायची. एका मुलीसाठी पाच बिऱ्हाडं वर्षानुवर्षं सुकेळी खात होती आणि मालक फार दिलदार म्हणून तोंडभरून नावाजत होती.

बाकीच्या पाच खोल्यांचं काम उभ्याउभ्या व्हायचं. मग चार नंबरची तक्रार. तात्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. मोरी दाराला लागूनच होती, ते ओट्यावर बसून हात आत घालून नळ खोलायचे. मी त्या नळाचा वायसर पाहिलाय. नवाकोरा होता. ते तो काढायचे, पुसायचे, परत बसवायचे. विनी पाना धरून उभी असायची.

"पोरीला खोकला हाय वाटतं," तात्या नळाला सांगायचे.

"औषध चालू आहे," ताई नळालाच उत्तर द्यायच्या.

"अडुळसा द्यावा. वाडीत हाय."

"पुढच्या वेळी कडीचं पण बघा, मालक. सैल झालीय."

"बघतो. तुमच्या खोलीच्या कटकटी फार."

एवढं झालं की पेलाभर पाणी. मग पिशवी उचलून बस. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि रात्री जेवताना चार नंबरच्या नावाने सुरू. कडी, पत्रा, मोरीचं भोक. मला हसू यायचं, आणि मी त्यांना आणखी भात वाढायचे. मुलीबद्दल बोलायची त्यांना तेवढीच एक वाट होती.

सुमेधला ते ऐकू येत नव्हतं. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. बँकेतला माणूस, सकाळी जाऊन रात्री यायचा, आणि त्याला ऐकू यायचं ते शब्दाला शब्द ऐकू यायचं. बाप वैतागलाय, एवढंच तो समजायचा. बहिणीचं नाव काढायची त्याची छाती नव्हती, पण दर महिन्याला तिच्या दारात उभं राहताना बापाच्या मनाला किती लागत असेल, या विचाराने तो खरंच कष्टी व्हायचा.

दोन हजार एक साली तात्या एसटीच्या पायरीवरून पडले. गुडघ्याची वाटी सरकली. काठी आली. त्या महिन्यात भाडं आणायला सुमेध गेला, ताईला पडण्याचं काही न सांगता पैसे घेऊन निघाला आणि परत आला तो ठरवूनच.

"तात्या, नालासोपारा स्टेशनजवळ विपुलचं ऑफिस आहे," तो जेवताना म्हणाला. "भाड्याच्या खोल्या सांभाळायचंच काम करतो. भाडं गोळा करणार, दुरुस्त्या करणार, करारनामे करणार, थोडं कमिशन घेणार. आजकाल सगळे तसंच करतात. तुम्ही या वयात बसचे धक्के कशाला खायचे?"

तात्या भात कालवत राहिले.

"मला जमतंय अजून," ते म्हणाले.

"जमायचा प्रश्न नाही. तुम्हीच म्हणता ना, चार नंबरचा ताप नको झालाय म्हणून? आता त्या तापातून सुटाल. तुम्हाला त्या दारात परत कधी उभं राहावं लागणार नाही."

मी तात्यांकडे बघत होते. त्यांनी घास उचलला, पुन्हा ताटात ठेवला. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार होतं. आठ वर्षं स्वतःच्या तोंडाने चार नंबरला नावं ठेवली होती, तीच आता त्यांच्या तोंडावर येऊन बसली.

"बघ तुला काय ते," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्या रात्री मी सुमेधला म्हटलं, "अरे, ते भाडं आणायला जात नाहीत तिथे." तो म्हणाला, "तुला आमच्या घरातलं कळत नाही, अक्षया." मी तात्यांनाही म्हटलं, "मी रिक्षाने नेते तुम्हाला, रविवारी जाऊन येऊ." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. "कशाला? काय काम हाय तिथं आता?"

मग मला सातवा लागला आणि मी बाळंतपणाला नाशिकला गेले. मुलगा झाला. बारसं, मग त्याची कावीळ, असं करत परत यायला बरेच महिने गेले. या काळात इथे काय झालं ते मला विपुलच्याच तोंडून कळलं, आणि तेही तो शाबासकी मिळेल म्हणून सांगत होता.

विपुल कामाचा पोरगा होता. कंबरेला मोबाइल, हातात चाव्यांचा जुडगा, फोन केला की माणूस हजर. खोट काढायला जागा नाही. मी परतल्यावर पहिल्याच महिन्यात तो पैसे घेऊन आला, ओटीवर बसला, चहा घेतला. तात्यांनी विचारलं, "चार नंबरची काय तक्रार?"

"काही नाही, काका. एकदम बंद केली. सुरुवातीला फार फोन यायचे. नळ गळतोय, कडी लागत नाही. मी त्याच दिवशी प्लंबर पाठवला. नळच नवीन बसवून टाकला, कडी नवीन. प्लंबर म्हणाला, जुन्या नळाला काही झालंच नव्हतं. असतात असे लोक. दर वेळी बाई विचारायच्या, मालक येणार का बघायला? मी सांगितलं, मालकांनी सगळं माझ्यावर सोडलंय, त्यांचा आता या चाळीशी संबंध नाही, काय असेल ते मला सांगा. मग आपोआप थांबल्या तक्रारी."

तात्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी राजेळीचे घड सरळ बाजारात पाठवले, एक केळं उन्हात ठेवलं नाही.

विपुल येऊन गेला त्याच रात्री मी सुमेधला धारेवर धरलं. या वेळी तो ऐकत बसला. "मग तात्या तेव्हा बोलले का नाहीत?" तो म्हणाला. मी म्हटलं, "तू कुणाचा मुलगा आहेस आणि मलाच विचारतोस?" पुढच्या रविवारी आपण दोघं जाऊन ताईला भेटू, असं ठरलं.

पण त्या रविवारच्या आधीच विपुल आला. पेढे घेऊन. "चार नंबर खाली झाली, काका. अकरा महिन्यांचा नवीन करार करायला सांगितला, तर बाई म्हणाल्या, मालकांची सही कुठे आहे? मी म्हटलं, सही माझी चालते. दोन दिवस गप्प होत्या, मग चावी आणून दिली. चांगलंच झालं, नवीन पार्टी तयार आहे."

"कुठं गेली?" तात्यांनी विचारलं.

"ते आपण नाही विचारत, काका." विपुलने बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हे मालकांचं आहे, त्यांना परत द्या म्हणाल्या."

तात्यांनी कागद उलगडला. पेला होता, घासून लख्ख केलेला. त्यांनी अंगठ्याने त्यावरचं नाव चाचपलं, परत परत चाचपलं. विपुल माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला पेढे परत घेऊन जायला सांगितलं. बिचाऱ्याला काही कळलं नाही.

फर्डिनंड सातिवलीला एका कारखान्यात फिटर होता, एवढं माहीत होतं. मी दोन दिवस तिथे चौकशी करून पत्ता काढला. कारखान्यांच्या मागच्या बाजूला एक तीन मजली इमारत, दुसरा मजला. तात्यांना सांगितलं, "चला." या वेळी त्यांनी काय काम आहे असं विचारलं नाही. पिशवीत पेला घातला आणि काठी घेतली.

मे महिना होता. रिक्षा रस्त्यात बंद पडली, पुढचं अंतर आम्ही चालत गेलो. दोन जिने चढेपर्यंत तात्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, ओठ सुकून पांढरे पडले होते. दार विनीने उघडलं.

"मालक!" ती आनंदाने ओरडली. मग थबकली, आणि आठवून म्हणाली, "पण आता आमचे मालक दुसरे आहेत."

सुरुचीताई मागून आल्या. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. "काही बाकी राहिली होती का?" त्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही. मी दारातच सगळं बोलून टाकलं. पडले ते, काठी आली ती, विपुलला सुमेधने ठेवलं, त्यांनी नाही. ताईंनी काठीकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "खरं का?" त्यांनी थेट तात्यांना विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मध्ये नळ न ठेवता.

एक हो पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "मॅनेजर चांगला हाय. कामं वेळेवर करतो."

ताईंनी मान खाली घातली.

मला आत बोलावलं, मी गेले, दोन पेले पाणी प्यायले. तात्या दाराबाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. विनी म्हणाली, "मम्मी, मालकांना पाणी देऊ?"

"नको," ताई म्हणाल्या. "ते आपल्या घरचं पीत नाहीत."

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. बापाचा शब्द होता आणि ही खोली बापाची नव्हती. पाणी पुढे केलं तर त्यांचा शब्द मोडायला लावल्यासारखं होईल, म्हणून ताई हंड्याजवळ उभ्या राहून ओठ चावत होत्या. आणि बाहेर म्हातारा, मुलीने एकदा विचारावं म्हणून त्या उन्हाळ्यात कोरड्या घशाने थांबून होता. मला दोघांच्या डोक्यात तो हंडा ओतावासा वाटला. शेवटी तात्यांनीच काठी उचलली. जाताना त्यांनी पिशवीतून पेला काढला आणि दाराशेजारी, चपलांच्या बाजूला, भिंतीला लावून ठेवला.

खाली रस्त्यावर एका टपरीवर त्यांनी पाणी मागितलं आणि लागोपाठ तीन ग्लास प्यायले. "पुढच्या महिन्यात येऊ," ते मला म्हणाले. "विनीला पाना पाहिजे होता माझा. घेऊन येऊ."

पुढचा महिना उजाडला नाही. त्याच महिन्याच्या शेवटी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. सुमेध रात्री स्वतः सातिवलीला गेला. त्याने बहिणीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. सकाळी दोघं एकाच रिक्षातून उतरली. नऊ वर्षांनी सुरुचीताई त्या फाटकातून आत आल्या. बाहेर भावकीतले लोक बसले होते, त्यांनी पाय आवरून वाट दिली.

त्यांच्या एका हातात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात पेला. त्या उशाशी बसल्या, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि वाकून म्हणाल्या, "तात्या, माझ्या घरचं आहे. घ्याल का?"

तात्यांनी डोळे उघडले. त्यांनी तिला ओळखलं, यात मला तिळमात्र शंका नाही. डावा हात हलला, तिच्या मनगटापर्यंत आला. सुमेधने त्यांचं डोकं वर धरलं. ताईंनी पेला ओठांना लावला. ओठ उघडलेही. पण घशाखाली काही उतरेना, पाणी तोंडाच्या कडेने ओघळून उशीवर गेलं.

ताईंनी पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि परत पेला ओठांना लावला. परत तेच. "ताई, त्यांना गिळता येत नाहीये," सुमेध रडत म्हणाला. "पुरे आता." त्या थांबल्या नाहीत. तात्यांचा हात त्यांच्या मनगटावर होता आणि त्या घोट घोट पाणी देत होत्या. बाटली संपेपर्यंत सगळी उशी भिजून गेली.